दिवे लागल्यावर रामा रंग नाही

प्रिय ईशा आणि निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, "आजी, म्हणजे अख्ख्या दुकानात फक्त ब्लाउजचं कापड? शर्टाचं नाही, पँटचं नाही?" मी हो म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "आणि त्यावर आईचं कॉलेज झालं?" ईशा मागून हसली. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, मुलाचं काही चुकलेलं नाही. ज्या धंद्यावर आमची दोन कुटुंबं उभी राहिली तो सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचा नाही, आणि आता बोट धरून नेऊन दाखवावं तर दुकानच उरलेलं नाही. डोंबिवलीतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही गाळा रिकामा करून दिला.

म्हणून हे आता लिहिते आहे, तेही दिवाळी अंकासाठी. अंकासाठी लिहिलं की माझ्या हातून मुदतीत पुरं होतं आणि संपादक पाल्हाळ कापतात. नुसतं पत्र लिहिलं की यांतलं काहीच होत नाही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे ठाऊक आहे. सावकाश वाचा.

आमचं दुकान मॅचिंगचं. पूर्वी बऱ्याच साड्यांबरोबर ब्लाउजचं कापड येत नसे. साडी घ्यायची, ती पिशवीत घालून आमच्याकडे यायचं आणि तिच्याशी जुळणारं कापड ताग्यातून फाडून न्यायचं. त्याच रंगाचा परकर, त्याच रंगाचा फॉल, म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून लावायची पट्टी. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर रंगांचे तागे. नुसत्या हिरव्याला एक पूर्ण भिंत लागे. पोपटी, शेवाळी, मेंदी, चिंतामणी, रामा. शेवटचे दोन निळ्याच्या शेजारचे. ते हिरव्यात धरायचे की निळ्यात यावर दुकानात रोज वाद होत.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. ठाण्याला कॉलेज केलं आणि लग्न होऊन या घरात आले. सासूबाईंनी दुकान घातलं होतं. त्यांच्या बरोबरीने माझी धाकटी जाऊ मालती बसायची. माझे दीर लवकर गेले तेव्हा मालतीचा मुलगा शाळेतही जात नव्हता. दुकान तिच्या नावावर केलं गेलं, आणि दुपारी तिला जेवायला घरी जाता यावं म्हणून मी गल्ल्यावर बसू लागले. बसले ती बसलेच. मला व्यवस्थितपणाची खोड. मी सगळ्या फळ्यांना इंग्रजीत रंगांची नावं चिकटवली होती. बायका ती चिठ्ठी बाजूला सारून मागचा तागा ओढायच्या आणि म्हणायच्या, "पिकलेलं तोंडलं फोडलं की आत दिसतो ना, तो द्या." मालती तो काढून द्यायची. काही दिवसांनी मीही देऊ लागले. चिठ्ठ्या मात्र काढल्या नाहीत. मला त्या बघून बरं वाटायचं.

या धंद्यातली मुख्य वस्तू कापड नव्हे, ऊन. ट्यूबलाइटखाली दोन रंग सख्ख्या बहिणींसारखे दिसतात आणि बाहेर नेले की ओळख दाखवत नाहीत. म्हणून प्रत्येक बाई एका हातात साडीचा पदर आणि दुसऱ्या हातात आमच्या ताग्याचं टोक धरून दुकानाच्या पायरीवर जायची. तागा आत उलगडत राहायचा आणि टोक बाहेर रस्त्यावर. पैसे दिलेले नाहीत, नाव माहीत नाही, आणि आमचं कापड तिच्या हातात. पळून कोणी गेलं नाही. उलट एखादी बाहेरूनच ओरडायची, "अहो, जरा सोडा की अजून, उन्हापर्यंत पोचत नाहीये!"

दिवे लागल्यावर रामा, चिंतामणी आणि जांभळ्याच्या घरातले रंग जुळवून द्यायचे नाहीत, हा सासूबाईंचा नियम. "उद्या सकाळी या," म्हणायचं. फाडलेलं कापड परत घेता येत नाही, आणि चुकीचं कापड घेऊन गेलेली बाई परत येत नाही, हे त्यांचं साधं गणित. गिऱ्हाईक रागवायचं. एकीने सुनावलं होतं, "दुकान आहे की डॉक्टर? वेळ घेऊन यायचं?" मालती म्हणाली, "डॉक्टर चुकला तर गोळी बदलतो. आम्ही चुकलो तर लग्नाच्या फोटोत कायमचं राहतं." ती बाई सकाळी आली.

गिऱ्हाइकांचं मला फार कौतुक वाटायचं. आता जास्तच वाटतं. कोपरहून एक गृहस्थ आले होते. बायकोला ताप, लग्न तोंडावर, म्हणून हे एकटे, साडीशिवाय.

"कुठला रंग?" मालतीने विचारलं.

"वांगी."

"कुठलं वांगं? भरताचं की भरली करतात ते?"

"भरली करतात ते."

"फोडणीत टाकायच्या आधीचं की नंतरचं?"

ते बिचारे डोळे मिटून उभे राहिले. "आधीचं मी कधी बघितलं नाही हो. मी नंतर येतो जेवायला."

गेले आणि ताप उतरल्यावर साडीसकट बायकोला घेऊन आले. तिने पायरीवरूनच सांगितलं, "हा वांगी? अहो, हा डाळिंबी आहे! इतकी वर्षं संसार केला, यांना माझी एक साडी सांगता येत नाही."

"वहिनी, पण आले ना विचारायला," मालती म्हणाली. "बरेचसे घरीच बसतात."

आणखी एक जोडी होती, कल्याणच्या दोन मैत्रिणी. एकाच दुकानातून एकसारखी साडी घेतलेली. एकीने एक छटा पसंत केली, दुसरीने शेजारची, आणि दोघींनी एकमेकींच्या नकळत येऊन विचारलं, "खरं सांगा, कोणाचं जास्त जुळलं?" मालतीने दोघींना सांगितलं, "तुमचं." मी नंतर तिला म्हटलं, हे खोटं झालं. ती म्हणाली, "खोटं कसं? एक सकाळी घालणार आहे, एक संध्याकाळी."

मग आमच्या रस्त्यावर स्कायवॉक आला. स्टेशनातून उतरलेली माणसं वरच्या वर निघून जाऊ लागली. पूर्वी ती आमच्या काचेसमोरून जायची. त्याहून वाईट म्हणजे त्याची सावली नेमकी आमच्या पायरीवर पडली. ऊन रस्त्यापलीकडे गेलं, भांडीवाल्या शेठच्या दारात. मालती एक दिवस त्यांच्याकडे जाऊन सरळ म्हणाली, "शेठ, आमच्या बायका तुमच्या दारात उभ्या राहतील. तेवढं ऊन द्या." शेठ आधी कुरकुरले, की माझी भांडी दिसत नाहीत. नंतर ते स्वतः मत देऊ लागले. "ना बेन, आ नथी चालतु, एक शेड डार्क पाहिजे." बायका त्यांचं ऐकायच्याही. रिक्षांमधून वाट काढत पदर आणि तागा घेऊन रस्ता ओलांडणारी बाई बघितली की मला तिला सलाम करावासा वाटे. एवढी खटपट का, असं कोणीही विचारेल. कोणाला कळणार होतं? पण तिला कळणार होतं.

हळूहळू या बायका कमी झाल्या. मी कोणालाही दोष देत नाही. साड्यांना ब्लाउजचं कापड जोडूनच येऊ लागलं. मुली कुर्त्यात आणि जीन्समध्ये सुटसुटीत कामाला जाऊ लागल्या, आणि घरी येईपर्यंत दिवे लागलेले. त्यांनी आमचं ऊन कधी गाठायचं? तयार ब्लाउज मिळू लागले, ताणले की कोणालाही बसणारे. सोनेरी ब्लाउज एक घेतला की दहा साड्यांवर चालतो. यात शहाणपण आहे. मी स्वतःही आता डाळी आणि साबण फोनवर मागवते. आमच्या रांगेतला बांगडीवाला गेला, तिथे मोबाइलची कव्हरं आली. छत्र्यांच्या दुकानात मोमो आले. शेठचा मुलगा ठाण्याच्या मॉलमध्ये गेला. आम्ही राहिलो, कारण मालती उठायला तयार नव्हती.

शेवटी इमारतच उठली. बिल्डरने नव्या इमारतीत गाळा देऊ केला, पण पहिल्या मजल्यावर आणि आतल्या बाजूला. मालती आराखडा बघून म्हणाली, "इथे दिवसा पण रात्रच." तिच्या मुलाने समजावलं, "आई, पुरे झालं ना आता. गाळ्याऐवजी पैसे घेऊ, तू आराम कर." मलाही ते पटत होतं. तीही हो म्हणाली. पण त्या दिवसापासून ती दुकानात बोलेनाशी झाली. तागे झाडायची, घड्या घालायची, गप्प. ज्या बाईने मला एक दुपार शांतपणे वाचू दिली नाही ती आठवडाभर गप्प, हे मला बघवत नव्हतं.

आवराआवर चालू होती तेव्हा पल्लवी आली. सोबत तिची आई, शुभदाताई. आमचं जुनं गिऱ्हाईक. पल्लवी ठाण्याच्या पुढे एका ऑनलाइन कंपनीच्या गोदामात नोकरीला. लोक नापसंत करून परत पाठवतात तो माल तपासायच्या खात्यात. मे महिन्यात तिचं लग्न. तिने काउंटरवर शालू उलगडला. अंजिरी बनारसी, आईच्या लग्नातला.

"काकू, मी लग्नात हाच नेसणार. याचा ब्लाउज आईच्या मापाचा, तो मला दंडाला अडकतो. मी ऑनलाइन तीन कापडं मागवली. तिन्ही गंडली."

"फोटोत बरोबर होती का?" मालतीने विचारलं.

"फोटोत ना, सगळंच भारी दिसतं. आमच्याकडे परत येतात त्यातल्या निम्म्या खोक्यांवर हेच कारण असतं, रंग वेगळा निघाला. मी रोज तेच वाचते आणि तरी मीच मागवलं, बोला!"

शुभदाताई म्हणाल्या, "मी हिला सांगतेय, नवीन शालू घे. तिकडची माणसं काय म्हणतील? मुलीला जुनेर नेसवून पाठवली."

"आई, तुझा आहे म्हणून नेसतेय. तुला नको असेल तर स्पष्ट सांग."

शुभदाताई पदराच्या जरीवरून हात फिरवत राहिल्या. नको नव्हतं त्यांना, हे उघड होतं. पण मुलगी विसंगत ब्लाउज घालून मांडवात उभी राहिली तर चार बायका आईला नावं ठेवणार, आणि शालूलाही, ही खरी भीती.

मालतीने अंजिरी रंगाचे सगळे तागे काढले. शालू इतक्या वर्षांत फिका पडला होता, धुरकट, मऊ. आमचं नवं रेशीम त्याच्या शेजारी ठेवलं की आरडाओरडा केल्यासारखं दिसे. मालतीने एकेक तागा रस्त्यापलीकडे नेला आणि परत आणला. शेवटी म्हणाली, "नाही जुळत. मी देणार नाही."

"काकू, थोडं उन्नीस-बीस चालेल," पल्लवी म्हणाली, पण तिचा चेहरा पडला.

"तुला चालेल. शालूला नाही चालत."

तेव्हा मला काचेतलं कापड आठवलं. दर्शनी काचेत आम्ही एक रेशमी कापड पडद्यासारखं सोडून ठेवत असू. स्कायवॉकच्याही आधीपासून तिथे अंजिरी होतं; उन्हाने आणि नंतर दिव्यांनी उडून गेलेलं. "मालती, काचेतलं कुठे आहे?"

ती दचकली. "ते? ते मी सीताबाईला दिलं गं ताई. मागच्याच आठवड्यात."

सीताबाई आंबिवलीच्या. गोधड्या शिवतात. उडालेलं कापड गिऱ्हाइकाला दाखवायचंसुद्धा नाही, ही सासूबाईंची शिस्त, त्यामुळे असे सगळे तुकडे वर्षानुवर्षं सीताबाईंकडे जात. आमच्यापैकी कोणाच्या मनाला ते विकण्याचा विचार शिवला नव्हता. मी फोन लावला.

"हाय की," सीताबाई म्हणाल्या. "नातीच्या बाळाच्या गोधडीला पाठीमागून लावलंय. निम्मी शिवून झाली."

पल्लवीने माझ्या हातातून फोन जवळजवळ ओढला. "मावशी, आज शिवू नका! प्लीज! आम्ही येतोय."

"कोण गं तू?"

"नवरी आहे मी."

"मंग ये बाय. चहा ठेवते."

मालती येईना. "उडालेलं कापड मी कोणाला देणार नाही ताई. शेवटच्या महिन्यात नाव घालवू?" मी म्हटलं, देऊ नकोस, नुसतं बघायला चल. मी दुकानाचं शटर भरदुपारी ओढलं, आणि चौघी निघालो. रिक्षात शुभदाताई शालूची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलीच्या हातात देत नव्हत्या.

सीताबाईंचं अंगण सारवलेलं, वर मोकळं आभाळ. गोधडी खाटेवर पसरलेली होती. त्यांनी ती उलटी केली. पाठीला आमचं अंजिरी, त्यावर पांढऱ्या दोऱ्याच्या ओळी. पल्लवीने शालूचा पदर शेजारी धरला. मालती वाकली, एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं, पदर आणि कापड दोन्ही उन्हात वर धरले.

"हेच," ती म्हणाली.

शुभदाताई डोळे पुसत म्हणाल्या, "लग्नात एवढा फिका नव्हता गं हा."

"लग्नात तू तरी कुठे एवढी पिकलेली होतीस?" पल्लवी म्हणाली, आणि मग दोघी हसायला लागल्या, हसता हसता रडायलाही.

प्रश्न सीताबाईंचा होता. अर्धी गोधडी उसवायची म्हणजे त्यांच्या बोटांचं काम मातीत. पल्लवीच म्हणाली, "मावशी, तुमची मेहनत आहे. नाही म्हणालात तरी चालेल." हे ती मनापासून म्हणाली, आणि मला ती फार आवडली.

सीताबाईंनी कापडावर हात ठेवला. "उसवते. पण बाळाला आता बदली पाहिजे, आणि मला अंजिरीच पाहिजे. पोराला तोच शोभतो."

"ताग्यातलं ताजं देते," मालती म्हणाली. "न उडालेलं."

"मंग तर बाळाचीच मजा झाली."

दोऱ्याची भोकं पाण्याच्या शिडकाव्याने आणि इस्त्रीने बुजली. पाठ आणि पुढचा भाग यांना पुरेल इतकं कापड एकसारखं उडालेलं मिळालं. बाह्या जरा गडद भागातून काढाव्या लागल्या. मालतीने पल्लवीला ते आधी दाखवलं, लपवलं नाही. एक बाही पदराखाली जाते, दुसऱ्या बाहीला शिवताना जरीचा काठ लावला.

त्या दिवशी कापड घेऊन दुकानात परत आल्यावर पल्लवीने विचारलं, "काकू, याचे किती? उडालेलं आहे ना, म्हणजे..."

मालती ताठ उभी राहिली. किती दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला. "पूर्ण किंमत घेणार. उडालेलं म्हणून देत नाहीये. जुळलेलं म्हणून देतेय."

पल्लवीने पूर्ण किंमत दिली आणि वाकून नमस्कार केला. मग काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "काकू, मला एक सांगा. हे सगळे तागे तुम्ही आता कोणाला देऊन टाकणार?"

"एक व्यापारी येणार आहे उद्या. घाऊक उचलतो म्हणतोय."

"त्याला नाही सांगा."

"म्हणजे?"

"आमच्याकडे रोज किती जणींचं परत येतं ते मी बघते. त्या आळशी नाहीत हो. त्यांना रंग बघायला माणूस नाही, एवढंच. दुकान जाऊ दे. तुमचे डोळे कुठे गेलेत?"

मालतीने माझ्याकडे बघितलं. मी काही सल्ला दिला नाही. तिने फोन उचलला आणि व्यापाऱ्याला सांगितलं, "उद्या नका येऊ." मग मुलाला फोन लावून म्हणाली, "तुझी वरची खोली मला लागणार आहे. तुझी ती व्यायामाची सायकल काढून घे. कपडेच वाळत घालतोस तिच्यावर." तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण ती बराच वेळ बोलत होती.

पल्लवीचं लग्न सकाळच्या मुहूर्तावर लागलं. मी आणि मालती दुसऱ्या रांगेत होतो. नावं ठेवायला टपलेल्या बायका होत्याच. त्यांतली एक शुभदाताईंना म्हणाली, "शालू-ब्लाउजचा सेट कुठून घेतलात हो? हल्ली असे रंग येत नाहीत." शुभदाताई म्हणाल्या, "नाहीच येत," आणि पुढे काही सांगितलं नाही.

आता काय आहे ते सांगते. डोंबिवलीतल्या त्या रस्त्यावर मॅचिंगचं एकही दुकान नाही. आमची इमारत पाडून झाली. मालतीच्या मुलाच्या घरी गच्चीला लागून एक खोली आहे, तिथे सगळे तागे आहेत. पल्लवीने इंटरनेटवर आमचा पत्ता चढवून दिला आहे. कोणी साडी घेऊन येतं, कोणी आतल्या काठातला धागा पाकिटात घालून कुरिअरने पाठवतं. पूर्वीच्या मानाने गिऱ्हाईक थोडं आहे. मालती रोज सकाळी गच्चीवर बसते, मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. रंग जुळला तर कापड फाडून देतो. नाही जुळला तर नाही म्हणून कळवतो.